गॅलियम ऑक्साइडचे स्फटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्साइड सेमीकंडक्टरचे स्फटिक वाढवण्याचं काम करते असं सांगितलं की विद्यार्थी, पत्रकार आणि नातेवाईक साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बारावीचं भौतिक आणि रसायनशास्त्र आठवत असेल तर वाचायला काहीच अडचण येऊ नये.

तुम्ही नेमकं काय करता? चिप बनवता का?

नाही. चिप ज्या चकतीवर बनते, ती चकती ज्या स्फटिकातून कापली जाते, तो स्फटिक वाढवणं हे माझं काम. १८०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळलेल्या ऑक्साइडमधून एकसंध स्फटिक ओढून काढायचा, मग त्यात कुठे काय बिघडलं ते एक्स-रे आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचं, आणि भट्टीतलं तापमान, वायू आणि ओढण्याचा वेग त्यानुसार बदलायचा.

वर्तमानपत्रांत फॅब, म्हणजे चिप बनवणारे कारखाने, आणि नॅनोमीटर यांचीच चर्चा असते. माझं मत असं आहे की नव्या सेमीकंडक्टरचं भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्याही आधी, भट्टीत ठरतं. चांगला, मोठा आणि परवडणारा स्फटिक मिळाला नाही, तर कागदावर कितीही सरस असलेला पदार्थ कागदावरच राहतो.

स्फटिक 'वाढवायचा' म्हणजे काय करायचं?

खडीसाखर बनताना पाहिली असेल तर निम्मं उत्तर तुम्हाला माहीत आहे. दाट पाकात दोरा सोडतात, पाक सावकाश निवतो आणि दोऱ्यावर खडे धरतात. आमच्याकडे पाकाच्या जागी वितळलेला पदार्थ असतो आणि दोऱ्याच्या जागी त्याच पदार्थाचा एक छोटा, निर्दोष स्फटिक. त्याला सीड म्हणतात. सीड द्रवाच्या पृष्ठभागाला टेकवायचं, गोल फिरवत हळूहळू वर उचलायचं. द्रव सीडच्या टोकाशी थिजतो आणि थिजताना त्याचे अणू सीडमधल्या अणूंची मांडणी पुढे चालू ठेवतात.

फरक एकच, पण मोठा: खडीसाखरेत असंख्य खडे वेगवेगळ्या दिशांना वाढलेले चालतात. आम्हाला सबंध गोळा एकच स्फटिक हवा असतो. दोन स्फटिक जिथे एकमेकांना भिडतात तिथे अणूंची रांग तुटते. त्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडकतात, अशुद्ध द्रव्यं साठतात आणि मोठा व्होल्टेज आला की तिथूनच डिव्हाइस फुटतं.

ही पद्धत कोणी शोधली?

यान चोख्राल्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने, १९१६ साली, बर्लिनमध्ये. तेव्हा तो एईजी या कंपनीच्या धातू प्रयोगशाळेत होता. लिहिता लिहिता त्याने टाक शाईच्या दौतीऐवजी शेजारच्या वितळलेल्या कथिलात बुडवला आणि बाहेर काढताना टोकाला कथिलाची बारीक तार लोंबू लागली, अशी हकिकत सांगितली जाते. ती तार एकच स्फटिक होती. त्याला धातू किती वेगाने थिजतात हे मोजायचं होतं आणि त्याचा शोधनिबंध १९१८ साली आला तोही त्याच विषयावर. सेमीकंडक्टर हा उद्योगच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

पद्धत पुन्हा उचलली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील याने. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा, आणि तो बहुस्फटिकी जर्मेनियमवर लागला होता. टील म्हणत होता की एकसंध स्फटिक हवा. वरिष्ठांना त्याची गरज वाटत नव्हती. जर्मेनियमचा तुकडा कापून काम चालत असेल तर हा खटाटोप कशाला, असा विचार. टीलने जॉन लिटल या सहकाऱ्याला घेऊन, नेमून दिलेलं काम सांभाळून रात्री-अपरात्री यंत्र चालवलं आणि जर्मेनियमचे एकसंध स्फटिक ओढून दाखवले. ते हातात आल्यावर ट्रान्झिस्टरच्या कामगिरीत इतका फरक पडला की वाद तिथेच मिटला. पुढे सिलिकॉनचीही पाळी आली. आज जगातल्या बहुतेक सिलिकॉन चकत्या याच पद्धतीच्या आहेत.

चोख्राल्स्कीच्या वाट्याला मात्र हे यश आलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची प्राध्यापकी काढून घेतली गेली, १९५३ साली तो वारला, आणि वॉर्सा तंत्रविद्यापीठाने त्याला सन्मानाने परत आपलं म्हटलं ते थेट २०११ मध्ये.

ऑक्साइड म्हणजे गंज, काच, चिनीमाती. ते सेमीकंडक्टर कसे असतील?

पुष्कळ ऑक्साइड वीज वाहू देत नाहीत, हे खरं. इलेक्ट्रॉनला बांधलेल्या अवस्थेतून मोकळं व्हायला जी ऊर्जा लागते, तिला बँडगॅप म्हणतात. सिलिकॉनमध्ये ती १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, गॅलियम ऑक्साइडमध्ये सुमारे ४.८. साध्या खोलीच्या तापमानाला ४.८ ची उडी जवळपास कोणताच इलेक्ट्रॉन मारत नाही. शुद्ध गॅलियम ऑक्साइड पारदर्शक असतो आणि वीज वाहत नाही.

पण त्यात किंचित कथिल किंवा सिलिकॉन मिसळलं, तर ते अणू गॅलियमच्या जागी बसतात, एकेक जादा इलेक्ट्रॉन सोडून देतात आणि स्फटिक वीज वाहू लागतो. प्रमाण कमी-जास्त करून ही वाहकता कित्येक पटींत बदलता येते. वाहकता अशी हवी तशी बदलता आली की तो पदार्थ सेमीकंडक्टर म्हणून कामाचा. उलट लोह किंवा मॅग्नेशियम घातलं तर तोच स्फटिक जवळपास पूर्ण रोधक होतो, आणि काही डिव्हाइसना खालची चकती तशीच लागते.

तुमच्या टीव्हीत किंवा टॅबलेटच्या पडद्यात ऑक्साइड सेमीकंडक्टर आत्ताही असण्याची शक्यता आहे. इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या मिश्र ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर टोकियोतल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००४ साली लवचिक प्लास्टिकवर करून दाखवले. आज ते पडद्यांच्या उद्योगात रुळले आहेत. तो थर मात्र बहुधा स्फटिकी नसतो.

मग सिलिकॉनच्या यशात ऑक्साइडचा काही वाटा आहे का?

फार मोठा, आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते आणि इलेक्ट्रॉन जर्मेनियममध्ये सिलिकॉनपेक्षा वेगाने धावतात. तरी सिलिकॉन पुढे गेलं. त्याच्या पृष्ठभागावर तापवून जो ऑक्साइड धरतो तो घट्ट, स्वच्छ आणि टिकाऊ असतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. बेल प्रयोगशाळेत कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक यांना १९५५ च्या सुमारास भट्टीतल्या एका अपघातातून सिलिकॉनवर असा थर आलेला दिसला आणि तो खालच्या पृष्ठभागाचं रक्षण करतो हे त्यांच्या लक्षात आलं. तिथेच मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी १९५९-६० मध्ये त्या थराचा वापर करून मॉसफेट हा नव्या प्रकारचा ट्रान्झिस्टर बनवला. आजच्या चिपमधले अब्जावधी स्विच हे त्याचेच वंशज.

तो थर पुढे पातळ होत होत १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे मोजक्या अणूंवर आला आणि त्यातून वीज गळू लागली. तेव्हा इंटेलने २००७ साली त्याच्या जागी हाफ्नियमचा ऑक्साइड आणला. म्हणजे एका ऑक्साइडची जागा दुसऱ्या ऑक्साइडनेच घेतली.

आणखी एक गोष्ट. सिलिकॉन ज्या मुशीत वितळवतात ती क्वार्ट्झची, म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडचीच असते. १४१४ अंशांना वितळलेलं सिलिकॉन ती मूस थोडी थोडी खातं आणि ऑक्सिजन स्फटिकात उतरतो. त्याने चकतीला बळकटी येते, शिवाय नको असलेले धातू एका बाजूला अडकवून ठेवता येतात. प्रमाण चुकलं तर हाच ऑक्सिजन वाहकता बिघडवतो.

इतके पदार्थ असताना गॅलियम ऑक्साइडच का?

बँडगॅप मोठा असला की पदार्थ मोठं विद्युतक्षेत्र सहन करतो. सिलिकॉन सेंटिमीटरला सुमारे ०.३ मेगाव्होल्टला हात टेकतं. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड ३ च्या आसपास जातात. गॅलियम ऑक्साइडसाठी अंदाज आहे ८ चा. पॉवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी, म्हणजे मोठी वीज हाताळणाऱ्या उपकरणांसाठी, पदार्थांची तुलना जयंत बालिगा यांनी मांडलेल्या निर्देशांकाने करतात. चेन्नईत जन्मलेले आणि आयजीबीटी या स्विचचे जनक म्हणून ओळखले जाणारे हे अभियंते. त्यांच्या निर्देशांकात हे क्षेत्र घनाच्या पटीत येतं, त्यामुळे गॅलियम ऑक्साइडचा आकडा सिलिकॉनच्या हजारो पट निघतो.

पण मला या पदार्थाकडे खेचलं ते आकड्याने नाही. गॅलियम ऑक्साइड साध्या दाबाला वितळतो आणि द्रवातून ओढता येतो. सिलिकॉन कार्बाइड साध्या दाबाला वितळतच नाही. २००० अंशांच्या वर त्याची वाफ करून ती सीडवर बसवावी लागते आणि स्फटिक तासाला मिलिमीटरच्या अंशाने वाढतो. गॅलियम नायट्राइड वितळवायचा तर २२०० अंशांबरोबर वातावरणाच्या सुमारे ६० हजार पट दाब लागतो. तो मार्ग उद्योगात कोणी वापरत नाही. द्रवातून ओढलेला स्फटिक वेगाने वाढतो, त्यात दोष कमी असतात आणि त्याचा आकार वाढवायचे मार्ग सिलिकॉनने दाखवून ठेवलेले आहेत.

मग अडचण कुठे आहे?

मुशीत. आमच्या कामाचा खरा गाभा हाच आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

१८०० अंशांना टिकेल, वितळणार नाही आणि द्रवात मिसळणार नाही अशा धातूची मूस हवी. इरिडियमचा द्रवणांक २४४६ अंश. त्यामुळे मूस इरिडियमची. हा धातू वर्षाला जगभरात काही टनच निघतो आणि त्यातला बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून येतो.

इतक्या तापमानाला गॅलियम ऑक्साइड हळूहळू विघटित होतो. त्यातून ऑक्सिजन आणि गॅलियमचा दुसरा, कमी ऑक्सिजनवाला वायुरूप ऑक्साइड बाहेर पडतो. हे थांबवायचं तर भट्टीत ऑक्सिजन हवा. पण ऑक्सिजन जास्त झाला की इरिडियम त्याच्याशी संयोग पावतं, त्याचा ऑक्साइड उडून जातो, मूस झिजते आणि इरिडियमचे कण द्रवावर तरंगत स्फटिकात शिरतात. बरं, मूस वाचवायला ऑक्सिजन तोडला, तर विघटन इतकं वाढतं की द्रवात शुद्ध गॅलियम धातू सुटतो आणि तो इरिडियमशी मिश्रधातू करून मुशीलाच भोक पाडतो. जास्त ऑक्सिजनने मूस बिघडते, कमी ऑक्सिजननेही मूसच बिघडते.

बर्लिनच्या लाइबनिझ स्फटिकवाढ संस्थेत झ्बिग्न्येव्ह गालाझ्का यांच्या गटाने यावर काढलेला तोडगा मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी भट्टीत ऑक्सिजनऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडला. तापमान कमी असताना तो जवळजवळ तसाच राहतो, इरिडियमला त्रास होत नाही. तापमान चढतं तसा तो कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत फुटत जातो. म्हणजे ऑक्साइडला ऑक्सिजनची गरज जसजशी वाढते, तसतसा तो आपोआप मिळतो. मोठ्या स्फटिकांना तेवढाही पुरला नाही तेव्हा त्यांनी थेट ऑक्सिजन वाढवला, पण मूस सांभाळून, योग्य टप्प्यावर.

जपानमध्ये दुसरी वाट धरली गेली. तामुरा कंपनीने आणि तिच्यातून २०१५ साली निघालेल्या नॉव्हेल क्रिस्टल टेक्नॉलॉजीने द्रव इरिडियमच्या अरुंद फटीतून वर चढवून स्फटिकाची सपाट पाटीच ओढायला सुरुवात केली. बाजारातल्या ४ इंची चकत्या अशा आल्या. शिन्शू विद्यापीठातल्या गटाने तर इरिडियमच सोडून दिलं: प्लॅटिनम-ऱ्होडियमची मूस, भट्टीत साधी हवा, आणि स्फटिक ओढायचा नाही, मुशीतच तळापासून थिजवायचा. ही मिश्रधातू गॅलियम ऑक्साइडच्या द्रवणांकापेक्षा थोड्याच वर वितळते, त्यामुळे तापमानाला चुकायला फारशी जागा नाही. तरीही पुढची मोठी मजल याच वाटेने मारली जाईल असं मला वाटतं. इरिडियमच्या किमतीवर उभा राहिलेला उद्योग डळमळीतच राहणार.

चांगला वाढत असलेला स्फटिक मध्येच वाकडा का होतो?

हा प्रश्न बहुतेक आमचेच विद्यार्थी विचारतात. थिजताना जी उष्णता सुटते ती स्फटिकातून वर निघून जायला हवी. रोधक स्फटिक पारदर्शक असतो, उष्णतेचे किरण त्यातून आरपार जातात. वाहक स्फटिकातले मोकळे इलेक्ट्रॉन नेमके हेच अवरक्त किरण शोषून घेतात. उष्णता खाली अडकते, थिजण्याची पातळी बिघडते आणि गोळा सरळ दंडगोल न राहता सर्पिल वाढू लागतो. ज्या वाहकतेसाठी कथिल घातलं, तीच वाढ बिघडवते. व्यास मोठा तसा हा त्रास जास्त. निळसर झाक दिसली की स्फटिकात इलेक्ट्रॉन भरपूर आहेत असं समजायचं.

स्फटिकाची चकती कापणं सोपं असतं का?

नाही. स्फटिकाच्या सर्व दिशा सारख्या नाहीत आणि दोन प्रतलांवर तो सहज चिरतो. करवतीची दिशा किंचित चुकली की पापुद्रे सुटतात. याचा एक फायदाही आहे: संशोधनासाठी लहान, अतिशय गुळगुळीत पातळ तुकडे चिकटपट्टीनेही सोलून काढता येतात.

या पदार्थाचे दोष कोणते? तुम्ही फक्त गुण सांगता.

दोन मोठे दोष आहेत आणि ते भट्टी सुधारून जाणारे नाहीत.

पहिला म्हणजे उष्णतावाहकता. सिलिकॉनची सुमारे १५०, सिलिकॉन कार्बाइडची त्याच्या दुपटीहून जास्त, आणि गॅलियम ऑक्साइडची दिशेनुसार ११ ते २७ वॅट प्रति मीटर केल्व्हिन. पॉवर डिव्हाइस तापणारच. ती उष्णता बाहेर पडली नाही तर वरचे सगळे आकडे निरर्थक. म्हणून चकती घासून पातळ करणं, तिला सिलिकॉन कार्बाइड किंवा हिऱ्यावर चिकटवणं, दोन्ही बाजूंनी थंड करणं असे उपाय चालू आहेत.

दुसरा अधिक खोल आहे. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनने वाहणारा एन-प्रकार आणि 'होल'ने, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेने, वाहणारा पी-प्रकार, दोन्ही करता येतात. गॅलियम ऑक्साइडमध्ये पी-प्रकार कामापुरता कोणालाच साधलेला नाही. होल तयार झाला तरी तो एखाद्या ऑक्सिजन अणूपाशी रुतून बसतो, हलत नाही. निकेल ऑक्साइडसारखा दुसरा पी-प्रकारचा पदार्थ जोडून सध्या काम चालवलं जातं. पी-प्रकार सापडल्याचे दावे अधूनमधून येतात. मी ते वाचते, पण होलची गतिशीलता स्वतंत्रपणे मोजलेली दिसेपर्यंत त्यांवर भिस्त ठेवत नाही.

मोबाइलच्या चार्जरमध्ये हा कधी येईल?

तिथे गॅलियम नायट्राइड आधीच आला आहे आणि चांगला चालतो. गॅलियम ऑक्साइडची जागा जास्त व्होल्टेजची आहे: वीजवहन, रेल्वे, मोठे इन्व्हर्टर. जपानच्या एनआयसीटी संस्थेतल्या मासाताका हिगाशिवाकी यांच्या गटाने एकसंध स्फटिकावरचा पहिला ट्रान्झिस्टर दाखवला तो २०१२ मध्ये. त्या मानाने मजल मोठी आहे, पण सिलिकॉन कार्बाइडला प्रयोगशाळेतून मोटारीत जायला कित्येक दशकं लागली हेही ध्यानात ठेवावं. अतिनील किरणांचे शोधक त्याआधी येतील. गॅलियम ऑक्साइड सूर्यप्रकाशाने विचलित होत नाही, कारण त्याला जाणवणारे २८० नॅनोमीटरखालचे किरण ओझोनचा थर वरच अडवतो. त्यामुळे भर दुपारीही ज्वाळा किंवा उच्चदाब तारेवरची ठिणगी ओळखता येते.

गॅलियम मिळतो कुठून?

त्याच्या स्वतःच्या खाणी नसतात. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना जो अल्कधर्मी द्रव फिरत राहतो, त्यात तो थोडा थोडा साठतो आणि तिथून वेगळा करतात. जगातला बहुतांश प्राथमिक गॅलियम चीन काढतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीला चीनने परवाना लागू केला. त्याच्या वर्षभर आधी अमेरिकेने गॅलियम ऑक्साइडच्या चकत्याच निर्यात नियंत्रणाखाली आणल्या होत्या. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत, देशात ॲल्युमिनाचे मोठे कारखाने आहेत. या द्रवातला गॅलियम वाया न घालवणं हे धोरण म्हणून हाती घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

धातुरूप गॅलियम २९.८ अंशांना वितळतो. नागपूरच्या मे महिन्यात बाटलीतला गॅलियम द्रवच असतो. थिजताना तो प्रसरण पावतो, म्हणून बाटली काठोकाठ भरत नाहीत. आणि ॲल्युमिनियमला लागला तर तो धातू ठिसूळ करतो, म्हणून विमानातून नेण्यावर कडक निर्बंध असतात.

भारतात, महाराष्ट्रात हे काम होतं का?

स्फटिकवाढीचं काम आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्ग मोजण्यासाठीचे स्फटिक वाढवतात, टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत धातूंच्या संयुगांचे स्फटिक चोख्राल्स्की पद्धतीने ओढतात. आयआयटी मुंबईत गॅलियम ऑक्साइडच्या पातळ थरांवर संशोधन होतं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सी-मेट ही संस्था आहे, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची ऑक्साइडच्या पातळ थरांची परंपरा तर देशभर माहीत आहे. सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक दिल्लीतल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने वाढवले आहेत. गॅलियम ऑक्साइडचे मोठे स्फटिक द्रवातून ओढणाऱ्या भट्ट्या मात्र प्रामुख्याने जपान, जर्मनी, चीन आणि अमेरिकेत आहेत, आणि ही दरी भरायला चकत्या विकत आणणं पुरेसं नाही.

मला यात यायचं आहे. काय शिकू?

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, धातुशास्त्र, कुठूनही येता येतं. बीएस्सीनंतर जॅम, अभियांत्रिकीनंतर गेट या प्रवेश परीक्षा द्यायच्या. फेज डायग्राम, म्हणजे कोणत्या तापमानाला पदार्थ कोणत्या अवस्थेत असतो याचा नकाशा, वाचता आला पाहिजे, उष्णतावहनाची गणितं स्वतः सोडवता आली पाहिजेत, आणि एक्स-रे विवर्तन पुस्तकातून नाही तर यंत्रावर शिका. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नामांकित विषयापेक्षा अशी प्रयोगशाळा निवडा जिथे भट्टीला हात लावू देतात. थर्मोकपल बदलणं, व्हॅक्यूमची गळती शोधणं, रात्रपाळी करणं याचा कंटाळा असेल तर हे क्षेत्र जड जाईल, कारण स्फटिक तासाला काही मिलिमीटर वाढतो आणि मध्यरात्री भट्टी बंद करून घरी जाता येत नाही. नोंदवही मराठीत ठेवलीत तरी चालेल. तापमान, वायूचा प्रवाह आणि मुशीचं वजन मात्र प्रत्येक वाढीच्या आधी आणि नंतर लिहा. मूस किती झिजली ते वजनातूनच कळतं, आणि पुढच्या वेळी ऑक्सिजन किती सोडायचा ते त्यावरून ठरतं.